पाणी उडालं, की कुणी उडवलं?

वाचकाचं पत्र:

सप्रेम नमस्कार. मी घरून इंग्रजी-मराठी भाषांतराचं काम करते. माहितीपत्रकं, वापराच्या सूचना, सुरक्षिततेचे कागद असं बरंच काही असतं. अलीकडे एका औद्योगिक क्लीनरच्या सूचनापत्रकात 'इन केस ऑफ स्प्लॅश इन आइज' असं होतं. मी 'डोळ्यांत शिंपडल्यास' असं लिहिलं. तपासनिसांनी लाल खूण करून परत पाठवलं आणि शेजारी शेरा मारला, 'डोळ्यांत कोण शिंपडेल?' त्याच फाइलमध्ये एका यंत्राला 'स्प्लॅशप्रूफ' म्हटलं होतं. मी 'जलरोधक' लिहिलं, तेही कापलं. शाळेत तर स्प्लॅश म्हणजे शिंपडणे असंच पाठ केलं होतं. आता शब्दकोश उघडला तर अर्थांची रांगच लागली आहे. पैसे खर्च करणं काय, पहिल्या पानावरची बातमी काय, जरासं दूध काय, अवकाशयान काय! हे सगळं पाठ करायचं का? की सरळ 'स्प्लॅश' असंच ठेवून द्यायचं? खरं सांगायचं तर माझं इंग्रजी या कामाला पुरेसं आहे का, अशीच शंका यायला लागली आहे.
— एक भाषांतरकार

उत्तर:

नमस्कार,

तुमच्या शेवटच्या शंकेचं उत्तर आधी देते, कारण ती मनात ठेवून बाकीचं वाचलंत तर काहीच नीट पोहोचणार नाही. तुमचं इंग्रजी या कामाला पुरेसं आहे. द्रव डोळ्यांत गेला तर काय करायचं ते त्या वाक्यात सांगितलंय, हे तुम्हाला बरोबर कळलं होतं. घात झाला तो लिहिताना. शाळेत बांधून दिलेली एक जोडी आयत्या वेळी हाताशी आली आणि तुम्ही ती उतरवलीत. अशा जोड्या इंग्रजी शिकलेल्या प्रत्येकाच्या डोक्यात असतात. त्या मोडता येतात, आणि ही तर मोडायलाच हवी.

शिंपडण्यात हात असतो. ओंजळीतून, बोटांच्या टोकांनी, झारीने, थोडं थोडं आणि हवं तिथेच. रोपांवर पाणी शिंपडतात, इस्त्रीआधी कपड्यांवर शिंपडतात. किती पडावं आणि कुठे पडावं हे शिंपडणारा ठरवतो. यासाठी इंग्रजीत स्प्रिंकल आहे आणि पाण्यापुरती ती जोडी छान जमते. (कोरडी पूड असेल तर स्प्रिंकलला आपण भुरभुरवणं म्हणतो, एवढं लक्षात ठेवा.)

स्प्लॅशला लागतो आघात. दगड डबक्यात पडतो, पाय चिखलात पडतो, लाट खडकावर आपटते, भरलेली बादली उंबऱ्याला धडकते. कशावर तरी काहीतरी आदळतं आणि त्या दणक्याने द्रव उडतो, वाट फुटेल तिकडे. तपासनिसांचा शेरा जरा तिखट होता, पण मुद्दा नेमका होता. शिंपडायला कुणीतरी लागतं. क्लीनर डोळ्यांत उडायला कुणीही लागत नाही, बाटली हातातून निसटली तरी पुरतं.

या उडण्याचा शास्त्रज्ञांनीही बारकाईने अभ्यास केलाय. आर्थर वर्दिंग्टन या ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अंधाऱ्या खोलीत विजेच्या ठिणगीचा क्षणभर उजेड पाडून, पडणारे थेंब आदळताना कसे दिसतात ते टिपलं. थेंब आदळतो, त्याच्या कडेने द्रवाची पातळ भिंत गोल उभी राहते, भिंतीच्या काठाला टोकं फुटतात आणि त्या टोकांतून बारीक थेंब सुटून निघतात. २००५ साली शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. कोरड्या, गुळगुळीत पृष्ठभागावर थेंब पाडायचा आणि भोवतीच्या हवेचा दाब पुरेसा कमी करायचा. मग थेंब आदळतो, पसरतो, पण त्यातून काहीच उडत नाही. हे सांगताना त्यांनी वापरलेली भाषा आपल्या कामाची आहे. पसरणं वेगळं आणि स्प्लॅश वेगळा. अंगापासून सुटून दूर गेलेला थेंब हवा, तेव्हाच तो स्प्लॅश. म्हणूनच मराठीत माझी पहिली पसंती 'उडणं' या क्रियापदाला असते.

आजूबाजूचे शब्दही याच कसोटीवर लावून बघा. बारीक भोकातून दाबाने बाहेर पडतो तो स्प्रे, आपला फवारा. भांड्यातून नुसतं बाहेर गेलं, दणका वगैरे काही नाही, तर स्पिल, म्हणजे सांडणं. भांड्यातल्या भांड्यात पाणी हेलकावे खातं ते स्लॉश. याला मराठीत दोन सुरेख शब्द आहेत, हिंदकळणं आणि डचमळणं, आणि भाषांतरात ते फार कमी दिसतात याचं मला वाईट वाटतं. स्पॅटरमध्ये थेंब लहान असतात आणि मागे डाग राहतात: भिंतीवर रंगाचे, चुलीभोवती तेलाचे. हे आपले शिंतोडे. स्प्लॅटर त्याहून मोठा आणि जास्त घाण करणारा. स्प्लॅशमध्ये मात्र डाग राहिलाच पाहिजे असं काही नाही. त्यात आवाज असतो, पाण्याचं प्रमाण बरं असतं आणि सगळं एका झटक्यात होतं. तोंडावर मुद्दाम पाणी मारलं असेल तर मराठीत 'हबका' आहेच. 'ही स्प्लॅश्ड वॉटर ऑन हिज फेस' याला 'त्याने तोंडावर पाण्याचा हबका मारला' याहून चांगलं मराठी मला माहीत नाही.

आता जिथे भाषांतरकाराला खरोखर जपून पाऊल टाकावं लागतं, तिथे येते. इंग्रजीत स्प्लॅश हे एकच रूप दोन्हीकडे चालतं: पाणी आपोआप उडालं तरी तेच आणि कुणी उडवलं तरी तेच. मराठीला हे चालत नाही. आपल्याला 'उडणं' आणि 'उडवणं' यांतून एक निवडावंच लागतं आणि निवडलं की कर्ता ठरतो. समजा, अपघाताच्या अहवालात वाक्य आहे, 'ॲसिड स्प्लॅश्ड ऑन टू हिज हँड'. इथे 'त्याच्या हातावर ॲसिड उडालं' असं लिहिलंत तर तो अपघात राहतो. 'त्याच्या हातावर ॲसिड उडवलं' असं लिहिलंत तर तुम्ही गुन्हा नोंदवलात. इंग्रजी वाक्यात कर्ता नसताना मराठीत तो येऊ देऊ नका. आणि उलट, इंग्रजीत 'ही स्प्लॅश्ड ॲसिड' असं स्पष्ट असेल, तर 'ॲसिड उडालं' म्हणून त्याला सोडूनही देऊ नका. सुरक्षिततेच्या कागदांत, विम्याच्या कागदांत, पोलिसांच्या कागदांत या एका 'व'वर माणसाचं बरंच काही अवलंबून असतं.

दुसरी गोष्ट शब्दक्रमाची. इंग्रजीत 'शी स्प्लॅश्ड वॉटर ऑन मी' असंही म्हणतात आणि 'शी स्प्लॅश्ड मी विथ वॉटर' असंही. भाषाशास्त्रात अशी दोन्ही रचना घेणाऱ्या शब्दांचा एक गटच मानतात. त्याला स्प्रे आणि लोड या दोन क्रियापदांचं नाव दिलेलं आहे. स्प्रिंकल, स्पॅटर, स्प्लॅश हे त्यातलेच. स्पिल आणि पोअर त्यात बसत नाहीत, 'स्पिल्ड मी विथ वॉटर' असं कुणी म्हणत नाही. दोन रचनांच्या अर्थांत थोडा फरक असतो. पहिल्या वाक्यात पाणी कुठे गेलं ते कळतं. दुसऱ्यात रोख माझ्यावर येतो आणि मी चांगलीच भिजले असेन, असा सूर लागतो. म्हणून पहिल्याचं 'तिने माझ्या अंगावर पाणी उडवलं' आणि दुसऱ्याचं, संदर्भ साथ देत असेल तर, 'तिने मला पाण्याने भिजवून टाकलं'. 'तिने मला पाण्याने उडवलं' हे मात्र कधीही नाही. मराठीत माणसाला उडवलं म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे. 'ही वॉज स्प्लॅश्ड बाय अ पासिंग कार' याचं 'त्याला जाणाऱ्या गाडीने उडवलं' असं झालं, तर कपडे खराब झालेला माणूस थेट दवाखान्यात पोहोचतो. तिथे 'जाणाऱ्या गाडीने त्याच्या अंगावर चिखल उडवला' असं सुटं करून लिहा. चिखल की पाणी, हे मागच्यापुढच्या वाक्यात सापडेल.

'स्प्लॅशप्रूफ'चं प्रकरण मला तुमच्या डोळ्यांच्या वाक्याइतकंच गंभीर वाटतं. विजेच्या उपकरणांत धूळ आणि पाणी किती शिरू शकतं, यासाठी आयईसी ६०५२९ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. यंत्रांवर दिसणारा आयपी क्रमांक तिथूनच येतो. त्यातल्या पाण्याच्या पायऱ्या बघा. आयपीएक्स१ म्हणजे वरून ठिबकणारं पाणी. आयपीएक्स३ म्हणजे वरून किंवा तिरपा येणारा फवारा, उभ्या रेषेपासून ६० अंशांपर्यंत. आयपीएक्स४ म्हणजे कुठल्याही बाजूने उडणारं पाणी, आणि स्प्लॅश हा शब्द नेमका इथे आहे. आयपीएक्स५ला नळीतून जोराने येणारी धार असते. आयपीएक्स७ला यंत्र १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटं बुडवून तपासतात. तुम्ही, मी बोलताना हे शब्द सैल वापरले तरी निभावतं. अभियंत्यांनी मात्र ठिबकणं, फवारणं, उडणं, धार आणि बुडणं यांना वेगवेगळ्या चाचण्या लावल्या आहेत. 'जलरोधक' वाचून माणूस यंत्र निर्धास्तपणे नळाखाली धरेल किंवा बादलीत टाकेल. 'पाणी उडालं तरी सुरक्षित' असं वाचणारा तसं करणार नाही. त्यापुढे 'पाण्यात बुडवू नये' असं स्वतःहून जोडायचा मोह होईल, पण मूळ मजकुरात नसेल तर जोडू नका. ग्राहकाला वेगळं कळवा.

लाक्षणिक अर्थांची तुम्ही धास्ती घेतली आहे, पण त्यातले बहुतेक त्याच दणक्यातून आणि उडण्यातून आलेले आहेत. मोठा आवाज झाला की माना वळतात. त्यातून 'मेक अ स्प्लॅश'. एखादं नवं पुस्तक, नवा खेळाडू आला आणि एकदम चर्चेत आला, गाजला. मराठीत याला 'खळबळ उडवून दिली' म्हणायचा मोह होतो, आणि क्रियापद 'उडवणं'च असल्यामुळे तो बरोबरही वाटतो. पण खळबळीत थोडी अस्वस्थता असते. 'मेक अ स्प्लॅश' बहुतेक वेळा कौतुकाने म्हणतात. तिथे 'गाजला', 'पदार्पणातच लक्ष वेधून घेतलं' हे जास्त बरं. ब्रिटिश वर्तमानपत्रांच्या कचेरीत पहिल्या पानावरच्या मुख्य बातमीलाच स्प्लॅश म्हणतात. 'स्प्लॅश्ड अक्रॉस द फ्रंट पेज' असं आलं तर आधी बघा, बातमी चांगली की वाईट. सत्काराची बातमी पहिल्या पानावर झळकते. घोटाळ्याची झळकत नाही, ती पान भरून छापली जाते.

'स्प्लॅश आउट' म्हणजे पैसे खर्च करणं. हाही प्रामुख्याने ब्रिटिश प्रयोग, अमेरिकेत तिथे स्प्लर्ज जास्त ऐकू येतं. आपल्याकडे 'पैसे उडवणं' तयार आहे, क्रियापदही तेच, आणि इथेच फसायला होतं. मराठीत पैसे उडवले म्हटलं की मागे कपाळाला पडलेली आठी दिसते. इंग्रजी प्रयोगात मात्र बहुतेकदा मजा असते: एरवी करत नाही, आज मात्र केलं. 'हात सैल सोडला' किंवा 'मनसोक्त खर्च केला' यात तो आनंद राहतो. खर्च करणाऱ्याला खरंच कुणी बोल लावत असेल, तेव्हाच 'उडवले' लिहा.

दुधाचं तुम्हाला कोडं पडलंय, कारण इतका आवाज करणारा शब्द एकाएकी 'जरासं' कसा होतो? भांडं एकदाच कलंडवून लगेच सरळ करा. न मोजता जेवढं पडेल, तेवढा स्प्लॅश. डॅश हा त्याहूनही कमी, थेंबांचा हिशोब. 'जरासं दूध', 'किंचित दूध' एवढं पुरे. रंगांच्या बाबतीत मात्र 'अ स्प्लॅश ऑफ कलर'ला 'रंगांची उधळण' म्हणू नका. उधळणीत सगळीकडे रंग असतो. यात बाकी सगळं साधं असतं आणि एकाच जागी भडक रंग डोळ्यांत भरतो. एक उलटा धोकाही सांगून ठेवते. मराठीत चारित्र्यावर शिंतोडे उडतात, म्हणून इंग्रजीत जाताना तिथे स्प्लॅश घालू नका. इंग्रजीत त्या कामाला चिखलाचे आणि माखण्याचे वेगळे शब्द आहेत.

तर यादी पाठ करू नका. पाठ केलेली यादी पुन्हा जोड्याच तयार करेल आणि तुम्ही आज जिथे अडकलात तिथेच पुन्हा अडकाल. वाक्य समोर आलं की आधी काय घडलं ते मनात बघा: काय कशावर आदळलं, त्यात कुणाचा हात होता का, किती उडालं, डाग राहिला का. मग मराठी शब्द शोधा. वेळ थोडा जास्त लागेल, पण सवय झाली की हे सगळं वाचता वाचताच होतं.

'स्प्लॅश' तसाच ठेवण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ज्या ठिकाणी ते एखाद्या वस्तूचं किंवा घटनेचं ठरलेलं नाव आहे, तिथे ठेवा. संगणकावर कार्यक्रम उघडताना क्षणभर दिसणारं चित्र, स्प्लॅश स्क्रीन, याला मुद्दाम मराठी नाव घडवून वाचकाला कोड्यात टाकू नका. अवकाशयान समुद्रात उतरतं त्याला स्प्लॅशडाउन म्हणतात. अपोलो ११ चं यान २४ जुलै १९६९ ला प्रशांत महासागरात उतरलं, ते स्प्लॅशडाउन. सोयुझ यानं कझाकस्तानच्या गवताळ मैदानात उतरतात, त्यांच्यासाठी हा शब्द वापरतच नाहीत. बातमीत 'यान समुद्रात उतरलं' एवढ्याने काम होतं. अवकाश मोहिमेच्या टप्प्यांवरचा तांत्रिक लेख असेल, तर स्प्लॅशडाउन ठेवून पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात समजावून द्या. सूचनापत्रकात मात्र हा शब्द अजिबात ठेवू नका. ते वाचणारा माणूस कदाचित एका हाताने डोळा दाबून वाचत असेल.

आता तुमची फाइल. डोळ्यांच्या वाक्याला 'डोळ्यांत उडाल्यास' लिहा. कर्ता नाही, कुणावर आरोप नाही. त्याच्या पुढे बहुतेक ते ठरावीक वाक्य असेल, काही मिनिटं पाण्याने काळजीपूर्वक रिन्स करा, लेन्स असतील आणि सहज निघत असतील तर काढा, रिन्स करत राहा. तिथे 'हबके मारा' चुकूनही नको, कारण हबक्यात पुन्हा आघात आला आणि तोही दुखऱ्या डोळ्यावर. 'धुवत राहा' लिहा. 'धुवा'पेक्षा 'धुवत राहा', म्हणजे एकदा पाणी लावून थांबायचं नाही हे क्रियापदातच येतं. पुढे स्प्लॅश गॉगल्स हा शब्द आला, तर 'संरक्षक चष्मा' म्हणून सोडून देऊ नका. साध्या संरक्षक चष्म्याच्या कडेला फटी असतात आणि तो मुख्यतः उडणाऱ्या कणांसाठी असतो. स्प्लॅश गॉगल डोळ्यांभोवती सगळीकडून टेकतो आणि त्याची हवेची भोकंही द्रव सरळ आत येणार नाही अशी आडोशाला असतात. 'डोळ्यांभोवती घट्ट बसणारा, उडणाऱ्या द्रवापासून वाचवणारा गॉगल' हे लांबट आहे, पण कामगार दुकानात योग्य वस्तू मागेल.

यंत्राच्या वाक्यात 'जलरोधक' काढून 'पाणी उडालं तरी सुरक्षित' ठेवा आणि ग्राहकाला एका ओळीत विचारा, आयपी क्रमांक कोणता? उत्तर आयपीएक्स४ आलं, तर तुमचं वाक्य आहे तसं बरोबर आहे. आयपीएक्स७ आलं, तर मूळ इंग्रजी मजकुरातला शब्दच तपासायला हवा, असं त्यांना कळवा.